जुन्या ट्रकच्या इंजिनाचा ब्रीदर: बूच मारायचं, वळवायचा, की आहे तसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुना ट्रक, सहा सिलिंडरचं कार्बोरेटरवालं पेट्रोल इंजिन, ब्लॉकच्या बाजूने खाली उतरणारा एक लोखंडी पाइप, म्हणजे ब्रीदर, इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारा. गाडी उभी असली की त्यातून वाफारा निघतो, टोकाला तेल ठिबकतं आणि मागचा ऑइल सील दोनदा बदलूनही गळती थांबलेली नाही. एक मेकॅनिक म्हणतो इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, खोलावं लागेल. दुसरा म्हणतो पाइपला बूच मारा, टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) एक होज काढून मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे जाणारी वाट) जोडा, विषय संपला. शिवाय तुमच्याकडे एक टर्बो डिझेल ट्रकही आहे आणि तोच उपाय तिथे चालेल का, हेही विचारलंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. बूच मारू नका. इंजिन इतक्यात खोलू नका. होज मॅनिफोल्डला जोडता येते, पण मधे व्हॉल्व्ह हवा आणि इंजिनाला आत हवा घ्यायचं दुसरं तोंडही हवं. डिझेलला हा उपाय लागूच पडत नाही.

बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली निसटणं, हा शब्द आपल्याकडे रोगाच्या नावासारखा वापरला जातो. पण ते प्रत्येक इंजिनात असतं, आजच कारखान्यातून आलेल्या इंजिनातसुद्धा. पिस्टनची रिंग एका ठिकाणी कापलेली असते आणि बसवल्यावर तिथे बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम होऊन रिंग वाढली की टोकं एकमेकांना भिडतील. त्या फटीतून आणि रिंगांच्या कडेने दाबाखालचा थोडा वायू खाली निसटतो. चांगल्या इंजिनात हे प्रमाण आत ओढलेल्या हवेच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास असतं. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटेल, म्हणून हिशेब करून बघा. चार लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चार लिटर हवा घेतं. २००० आरपीएमला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, मिनिटाला साधारण ४००० लिटर. त्याचा एक टक्का ४० लिटर. म्हणजे धडधाकट इंजिनातही चढावर मिनिटाला दोन बादल्या वायू ऑइल चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायला वाट लागतेच. तुम्ही दिली नाहीत तर तो स्वतः शोधतो, आणि सगळ्यात आधी त्याला सापडतो मागचा ऑइल सील.

तुमच्या इंजिनाच्या पिढीत मागचा सील बहुतेक दोरीचा असायचा, म्हणजे खोबणीत दाबून बसवलेली ग्रॅफाइट लावलेली दोरी. तिचं काम तेल अडवण्याचं. दाब अडवण्याचं काम तिला कधी दिलेलंच नव्हतं. क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो ती इंजिनाची खालची पोकळी, ऑइल चेंबर धरून) दाब साठत असेल तर सील दोनदा बदला नाहीतर पाचदा, पंधरा दिवसांत पुन्हा ओल दिसणार.

आता त्या वायूत असतं काय? पेट्रोल इंजिनात त्याचा मोठा भाग न जळलेल्या मिश्रणाचा असतो, बाकी जळून झालेला वायू, काजळी आणि पाण्याची वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, थोडं खाली येतं. ब्लॉक थंड असेल तर ते टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला घामासारखं धरतं, तेलात घुसळलं जातं आणि झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर जमतो. हा थर दिसला की लगेच हेड गॅसकेट गेली म्हणून ओरड होते. आधी रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते बघा. होत नसेल आणि गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल, तर तेल नीट तापतच नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे तेल तापलं असं नसतं, तेल त्याच्या बरंच मागून तापतं. लोडवर तासभर सलग चालवा, थर आपोआप विरघळतो. पण वाफ बाहेर नेणारी हवा आत खेळत असेल तरच.

हवा खेळती राहायला तोंडं दोन लागतात. समोरासमोर खिडक्या असल्या की खोलीत वारा खेळतो, तसंच. तुमच्या इंजिनात एक तोंड म्हणजे तेल भरायच्या जागी बसणारं जाळीचं झाकण, तिथून ताजी हवा आत येते. दुसरं म्हणजे तो बाजूचा पाइप. त्याचं खालचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि कापाचं तोंड मागच्या बाजूला असतं. गाडी पळायला लागली की खालून जाणारी हवा त्या तोंडाजवळ दाब कमी करते आणि पाइप क्रँककेसमधून ओढ घेतो. ही ओढ कामाची व्हायला ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. त्याखाली, किंवा गाडी उभी असताना, पाइप नुसताच लोंबत असतो आणि वायू स्वतःच्या दाबाने हळूहळू बाहेर येतो. म्हणजे उभ्या गाडीत वाफारा दिसणं हा बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे. अशा इंजिनाकडे सिग्नलला उभं असताना बघून निकाल देणं म्हणजे धावून आलेल्या माणसाची नाडी बघून त्याला ताप ठरवण्यासारखं.

तिरक्या कापाची दिशा मात्र जरूर तपासा. गिअरबॉक्स किंवा स्टार्टरच्या कामात पाइप काढला जातो आणि बसवताना फिरतो. तोंड पुढे आलं की ओढ घेण्याऐवजी तो रस्त्यावरची हवा, धूळ आणि पाणी आत ढकलतो आणि झाकणाच्या जाळीतून तेलाचा फवारा वर उडतो. टॅपेट कव्हर वरून माखलेलं आणि पाइपाचं टोक कोरडं असं चित्र दिसलं, की मी पहिल्यांदा वाकून पाइपाचं तोंड बघतो.

माझ्याकडे एकदा अगदी तुमच्यासारखाच ट्रक आला होता. सील तीनदा बदललेला, मालक इंजिन बोअर करायच्या तयारीत. मी पाइप सोडवला आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं तर काहीच दिसेना. तार घातली तर चार बोटांवर अडली. ठोकल्यावर आतून वाळलेल्या मातीचे तुकडे पडले, एकात मेलेल्या अळ्या. कुंभारीण माशीने पाइपात घर बांधलं होतं. ट्रक एका हंगामात दोन-तीन महिने उभा होता, तेवढ्यात तिने काम उरकलं. पाइप साफ केला, झाकण धुतलं, गळती थेंबाथेंबावर आली. इंजिन त्यानंतर कित्येक वर्षं न खोलता चाललं. दरवेळी माशीच निघते असं नाही. जळक्या तेलाचा डांबरासारखा थर, आत कुजलेली जाळी, टोकाला बांधलेलं फडकं, काहीही असू शकतं. ठिबकणारं तेल टिपायला पाइपाला फडकं किंवा मोजा बांधायची पद्धत तर मी इतक्यांदा पाहिली आहे की त्याबद्दल चिडणंही सोडून दिलंय. आठवड्याभरात ते फडकं तेल आणि धुळीने गच्च होतं आणि बुचाचंच काम करतं.

तेव्हा पहिलं काम साफसफाईचं. पाइप काढा, तार आणि रॉकेलने आरपार स्वच्छ करा. तो ब्लॉकला जिथे लागतो तिथे आत बहुतेक पत्र्याची आडभिंत किंवा जाळीचा डबा असतो, तेलाचे थेंब तिथे अडून परत खाली पडावेत म्हणून. तोही धुवा, पण फेकू नका. जाळी काढून टाकल्यावर पाइप महिनाभर झकास चालतो आणि मग तेल पिणं सुरू होतं. वरचं झाकण रॉकेलमध्ये खळबळून धुवा, वाळवा, इंजिन ऑइलमध्ये बुडवून निथळू द्या. त्या तेलकट जाळीवरच धूळ अडकते, कोरडी जाळी काही अडवत नाही.

मग मोजा. मोजायला महागडं काही लागत नाही. आठेक मिलिमीटरचा पारदर्शक प्लॅस्टिक पाइप दोनेक मीटर घ्या, फळीवर इंग्रजी यू आकारात बांधा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा, दिसायला सोपं जावं म्हणून त्यात शाईचे दोन थेंब टाका. एक टोक उघडं ठेवा, दुसरं डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा. तेलाच्या झाकणावर बसवू नका, कारण तुमच्या इंजिनात तेच हवा आत यायचं तोंड आहे, ते बंद केलंत तर मोजमापच बिघडेल. डिपस्टिकची नळी काही इंजिनांत थेट तेलात बुडलेली असते, तिथे हे चालत नाही. ओळखायचं सोपं: इंजिन बंद असताना नळीला छोटा होज लावून हलकेच फुंका. बुडबुड आवाज आला तर नळी तेलात आहे, मग टॅपेट कव्हरवरच दुसरी जागा शोधावी लागेल.

इंजिन पूर्ण तापल्यावर बघा. पाणी एका बाजूला १० मिलिमीटर चढलं तर दुसऱ्या बाजूला १० उतरलेलं असतं, म्हणजे दाब २० मिलिमीटर. निम्मा आकडा वाचून खूश होणारे बरेच भेटतात. दोन्ही तोंडं साफ असलेल्या अशा इंजिनात स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) पाणी जेमतेम हलतं. २००० ते २५०० आरपीएमवर धरलं तरी थोडंच चढून थांबायला हवं. माझा स्वतःचा ठोकताळा असा: २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊन चढतच राहिलं, तर रिंगांकडे वळायचं. त्याआधी नाही.

वळायचं म्हणजेही लगेच हेड उतरवायचं नाही. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, मग स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्या. आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांतून, तसाच राहिला तर व्हॉल्व्हमधून. (ही तेल घालायची युक्ती डिझेलवर करू नका. तिथे वरची जागा इतकी कमी असते की तेलाने नुकसान व्हायचं.) लीकडाउन गेज (सिलिंडरमधून किती टक्के हवा गळते ते दाखवणारं) असेल तर आणखी छान: पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि तेलाच्या झाकणाशी कान लावायचा. थोडी फुसफुस सगळीकडे येते. गळती २० टक्क्यांच्या पुढे आणि आवाज झाकणातूनच येत असेल, तर पहिल्या मेकॅनिकचं म्हणणं खरं. तो चुकीचं बोलत होता असं मी म्हणत नाही, न मोजता बोलत होता एवढंच.

एक गोष्ट विसरू नका. झाकण उघडल्यावर पेट्रोलचा दर्प येत असेल आणि डिपस्टिकवर तेल चढलेलं दिसत असेल, तर बाकी सगळं सोडून मेकॅनिकल फ्युएल पंप तपासा. त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल सरळ ऑइल चेंबरमध्ये जातं. बेअरिंग जातात ते वेगळंच, ब्रीदरमधून निघणारी वाफ पेट घेऊ शकते. काय निघतंय ते बघायला पाइपाशी काडी किंवा लायटर धरणारे महाभाग मी पाहिले आहेत. टॉर्च आणि गार काच पुरते. काच धरा: पाण्याचा दव जमला आणि पुसल्यावर काच स्वच्छ झाली तर वाफ, तेलकट डाग राहिला तर तेलाचा धूर.

आता होज मॅनिफोल्डला जोडण्याबद्दल. कल्पना चुकीची नाही. लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर १९५० च्या दशकात बरंच संशोधन झालं, तेव्हा लक्षात आलं की गाडीतून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, या लोंबत्या पाइपातून येतो. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना आणि १९६३ पासून अमेरिकेत सगळीकडे पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, म्हणजे क्रँककेसमधला वायू मोजून मॅनिफोल्डमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह. युक्ती त्याहून जुनी होती. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या मॅनिफोल्डवरही असा व्हॉल्व्ह होता. पाण्यातून जायच्या गाडीला उघडा लोंबता पाइप कसा परवडणार?

दुसऱ्या मेकॅनिकच्या सल्ल्यात राहून गेलं ते या व्हॉल्व्हचं काम. आत एक छोटी गोळीवजा दांडी आणि स्प्रिंग असते. स्लोवर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम सगळ्यात जास्त, समुद्रसपाटीजवळ चांगल्या इंजिनात पाऱ्याचे १७ ते २१ इंच. तेव्हा तो दांडीला पुढे ओढून वाट अरुंद करतो, कारण स्लोवर बॅक कॉम्प्रेशन कमी आणि फाजील हवा आत गेली तर इंजिन हलायला लागतं. गाडी चालू लागली की व्हॅक्यूम उतरतो, स्प्रिंग दांडी मागे सारते, वाट मोठी होते. कार्बोरेटरमधून बॅकफायर झाला तर दांडी उलटी आपटून वाट पूर्ण बंद करते. मधे व्हॉल्व्ह नसेल तर ती आग होजमधून थेट क्रँककेसमध्ये, आणि तिथे काय भरलंय ते वर सांगितलंच. व्हॉल्व्हशिवाय नुसता होज जोडलेली इंजिनं चालतात, हो. स्लो नीट बसत नाही, तेल प्यायला लागतात, आणि एखाद्या दिवशी टॅपेट कव्हर फुगलेलं सापडतं.

करायचंच ठरवलंत तर हे जपा. मॅनिफोल्डवर होज कार्बोरेटरच्या खाली मधोमध यायला हवा, जिथून सगळे सिलिंडर सारखे वाटून घेतात. कार्बोरेटरखाली घालायची पोर्टवाली जाड प्लेट मिळाली तर सगळ्यात सोपं. एखाद्या सिलिंडरच्या एकट्या वाटेत भोक पाडून नोझल बसवलं तर त्या एकाच सिलिंडरला सगळी फालतू हवा आणि तेल जातं, त्याचा प्लग काळा होत राहतो आणि माणूस महिनाभर इग्निशन तपासत बसतो. दुसरं, ओढ घ्यायची जागा. टॅपेट कव्हरवर रॉकर जिथे तेल उडवतात त्याच्या नेमकं वर व्हॉल्व्ह बसवलात तर तो तेल पिणारच. आत आडपत्रा हवा. बऱ्याचदा उत्तम जागा म्हणजे जुन्या लोंबत्या पाइपाचंच भोक, कारण आडभिंत तिथे आधीच आहे. तिथून वर व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हपासून मॅनिफोल्ड. ताजी हवा जुन्याच झाकणातून किंवा, आणखी बरं, एअर क्लीनरच्या गाळलेल्या बाजूने.

हे दुसरं का बरं, ते सांगतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जवळजवळ शून्य होतो आणि बॅक कॉम्प्रेशन नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त. पीसीव्ही तेवढं ओढू शकत नाही, उरलेला वायू उलट दिशेने झाकणातून बाहेर येतो. झाकण उघडं असेल तर तो केबिनखाली पसरतो, होज एअर क्लीनरला असेल तर इंजिन पिऊन टाकतं. म्हणून चढावरून आल्यावर एअर क्लीनरमध्ये थोडं तेल दिसलं तर घाबरायचं नाही. रोज डबकं दिसायला लागलं तर मात्र पुन्हा ती पाण्याची नळी काढा. आणि एअर क्लीनरला होज लावल्यावर झाकण बिनजाळीचं, बंद हवं. जाळीचंच राहिलं तर ओढ तिथून कच्ची हवा घेते आणि एअर क्लीनरकडून काहीच येत नाही.

व्हॉल्व्ह दिसायला सारखे आणि आतून वेगवेगळे असतात. तुमच्या इंजिनाच्या जवळच्या लिटरचं आणि तितकेच सिलिंडर असलेलं, मुळातच पीसीव्ही घेऊन आलेलं इंजिन शोधा आणि त्याचा व्हॉल्व्ह घ्या. हलवून खुळखुळ वाजला म्हणजे चांगला, हे अर्धसत्य आहे. वाजला म्हणजे अडकलेला नाही इतकंच कळतं, स्प्रिंग मेलीय का ते कळत नाही. जुना असेल तर बदलून मोकळे व्हा. होज तेल आणि पेट्रोलची वाफ सोसणारा घ्या. हीटरचा होज लावला तर तेलाने भिजून मऊ पडतो आणि व्हॅक्यूमने चपटा होतो. बाहेरून ठणठणीत, आतून बंद.

जोडून झाल्यावर कार्बोरेटरचा स्लो आणि मिक्स्चर पुन्हा बसवावं लागतं, कारण तुम्ही मोजूनमापून का होईना, हवा आत सोडली आहे. मग तपासणी. इंजिन स्लोवर ठेवून व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा दाबा. आरपीएम ५०च्या आसपास उतरायला हवेत आणि अंगठ्याला ओढ लागायला हवी. मग आत यायच्या तोंडावर पातळ कागद धरा, काही सेकंदांत तो चिकटायला हवा. इथे पाण्याची नळी घाईने लावू नका. आत यायचं तोंड चुकून बंद असेल तर ओढ इतकी वाढते की नळीतलं पाणी इंजिन पिऊन टाकतं. कागद हलकासा चिकटतोय असं दिसल्यावरच नळी लावा. आता पाणी उलट्या बाजूला सरकलेलं दिसेल, काही मिलिमीटर, फार तर बोटभर. त्याहून जास्त ओढही बरी नव्हे. सील आतल्या बाजूला शिट्टी मारायला लागतो आणि त्याच वाटेने क्लचची धूळ तेलात येते.

आता डिझेल. तिथे थ्रॉटलची पाकळी नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये ओढायला व्हॅक्यूम नाही. टर्बो असेल तर मॅनिफोल्डमध्ये उलट दाब असतो. होज तिथे जोडलात तर टर्बो सगळी हवा क्रँककेसमध्येच भरेल. एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपाला जोडणारे आहेत, काही इंजिनं कारखान्यातून तशी येतातही. पण त्यांत तेल वेगळं करणारा सेपरेटर आणि ओढ ठराविक मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर असतो. त्याविना जोडलं तर टर्बोची पाती आणि इंटरकूलर तेलाने माखतात. त्याहून वाईट म्हणजे डिझेल इंजिनाला ते तेल हेच इंधन. रिंगा गेलेल्या इंजिनाने स्वतःच्या ब्रीदरमधलं तेल ओढायला सुरुवात केली तर ते किल्ली फिरवून बंद होत नाही. आरपीएम चढतच जातात. एकदा बघितलंय. बघणारे सगळे पळाले होते, मीही. भारी ट्रकांच्या टर्बो डिझेलला अमेरिकेतही २००७ पर्यंत उघड्या ब्रीदरची सूट होती. तुमच्या जुन्या ट्रकला उघडा पाइप ठेवण्यात कमीपणा काही नाही.

डिझेलमध्ये तेलाचं झाकण उलटं ठेवून ते नाचतंय का बघायची रीत सगळीकडे आहे. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. रॉकर आणि टायमिंग गिअर आतली हवा ढवळत असतात, त्यानेही झाकण थरथरतं. आणि दाब खरंच वाढलेला असला तरी तो रिंगांतूनच आलाय कशावरून? एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या तेलावर चालतो आणि त्याच्या रिंगा झिजल्या की त्याची हवा तेलाच्या परतीच्या वाटेने क्रँककेसमध्ये येते. टाकी भरून कॉम्प्रेसर अनलोड झाला की ब्रीदरचा फुसकारा एकदम कमी होतो का, तेवढं बघा. होत असेल तर इंजिन निर्दोष आहे. टर्बोचंही तसंच: शाफ्टचे सील गेले की दाबाखालची हवा तेलाच्या ड्रेन पाइपाने खाली येते. ब्रेकला व्हॅक्यूम पंप असेल तर तोही आपली हवा इंजिनातच सोडत असतो. या तिघांना बाजूला काढून मोजल्याशिवाय डिझेलची रिंग बदलायला मी हात घालत नाही.

डिझेलच्या ब्रीदरला तेल पकडायचा डबा लावायचा असेल तर खुशाल लावा, पण डब्याचं नोझल आणि होज ब्रीदरच्या मूळ भोकापेक्षा कुठेही अरुंद नको, आणि होजला खोलगट वळण नको, पाणी साठून वाट बंद होते. डब्यातलं तेल परत चेंबरमध्ये सोडणार असाल तर परतीचा पाइप तेलाच्या पातळीखाली उघडला पाहिजे. वर उघडला तर वायू त्याच पाइपाने उलटा चढतो आणि डबा तेलाने भरून वाहतो. साठलेलं पाणीमिश्रित तेल परत सोडण्यापेक्षा मी ते ओतून टाकणंच पसंत करतो.

आणि तुमच्या डिझेलच्या ब्रीदर पाइपाला वरच्या बाजूला एक चीर किंवा भोक आहे, ते तुम्ही गंज समजून टेप लावून बंद केलंय असं लिहिलंय. ती टेप आजच काढा. कडाक्याच्या थंडीत खालच्या टोकाशी वाफेचा बर्फ धरून पाइप बंद झाला तर वायूला सुटायला कारखान्याने ठेवलेली वाट आहे ती. पेट्रोलवाल्या ट्रकचा पाइप धुऊन, झाकण तेलात बुडवून झालं की गरम इंजिनवर पाणी किती मिलिमीटर चढलं ते कळवा, स्लोवरचं आणि २०००वरचं, दोन्ही. तोपर्यंत तिसरा सील आणू नका.